गारठलेली बोटं आणि पंच्याहत्तर वॅट

"मराठी सेक्शनची पानं रिकामी आहेत, काहीतरी लिही ना," असं एडिटरने (म्हणजे माझ्याच बेंच-पार्टनरने) सांगितलं आणि मी हो म्हणून बसले. विषय काय विचारल्यावर म्हटलं, बाइकवर घालायचं गरम होणारं जाकीट. अख्खा कट्टा हसला! "अगं, आपण नाशिकला राहतो, लडाखला नाही." "त्यापेक्षा पावसावर लिही, नाहीतर मैत्रीवर." एकाने तर सरळ सांगितलं की थंडीत बाइक चालवायची तर छातीत दम लागतो, वायर लागत नाही.

दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आणि मराठीच्या पेपरात पत्रलेखनाच्या मार्कांवर तरलेली मुलगी आहे मी. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आधीच माफ करा. पण विषय बदलणार नाही. कारण हा विषय माझ्या पप्पांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचा आहे.

आमचं घर पिंपळगाव बसवंतला. पप्पा सातपूर एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. फर्स्ट शिफ्ट सातची, म्हणजे घरातून पावणेसहाला निघायचं. हायवेने ओझर, आडगाव, द्वारका करत सातपूर. पस्तीस-चाळीस किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे, १२५ सीसीच्या बाइकवर. पिंपळगाव निफाड तालुक्यात येतं आणि हिवाळ्यात निफाडचं नाव पेपरात कशासाठी येतं ते तुम्हाला माहीतच आहे. महाबळेश्वरला स्वेटर विकत घेणाऱ्या पब्लिकला सांगून पटत नाही, पण राज्यातला नीचांक बऱ्याचदा आमच्याकडेच असतो.

डिसेंबर २०२३ मधली एक सकाळ. द्राक्षवाल्यांच्या अंगणात थर्मामीटर असतोच, आमच्याही होता आणि त्यावर सहा अंश दिसत होते. पप्पांच्या अंगावर दोन स्वेटर, कानाला मफलर, हातात लोकरीचे हातमोजे. आडगावच्या अलीकडे समोर उसाची ट्रॉली. मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, काही नाही. पप्पांना ती दिसली वेळेवर. ते नंतर सांगत होते, "पोरी, मी ब्रेक दाबला गं. मला वाटलं दाबला. पण लिव्हर हललाच नव्हता." मेंदूने ऑर्डर दिली होती, बोटांपर्यंत ती पोहोचली नव्हती. मग पायाचा ब्रेक जोरात मारला, मागचं चाक घसरलं आणि बाइक आडवी झाली. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे घरी. त्यातले चार आठवडे बिनपगारी.

बघायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, "स्वेटर नव्हता का घातला?" अहो, दोन होते! मला तेव्हापासून या प्रश्नाचा राग आहे. माझं म्हणणं अगदी साधं आहे. बाइकवरची थंडी हा सहनशक्तीचा विषय नाही, तो ब्रेकचा विषय आहे. ब्रेकशू झिजले तर आपण "दम लागतो" म्हणत नाही, मेकॅनिककडे जातो. मग ब्रेक दाबणारी बोटं बधिर होत असतील तर तिथेच मर्दानगी कुठून येते?

आता थोडं गणित. (पळू नका, एम-थ्री नाहीये.) अमेरिका आणि कॅनडाने २००१ साली वाऱ्याच्या गारव्याचा नवा फॉर्म्युला स्वीकारला. हवेचं तापमान आणि वाऱ्याचा वेग घातला की उघड्या चेहऱ्याला किती गार लागेल तो आकडा येतो. सहा अंश आणि ताशी ६० किलोमीटर घातले तर उत्तर येतं शून्याच्या जरासं खाली. म्हणजे पप्पा रोज तासभर फ्रीजरच्या दारात बसून जात होते. आणि लोकरीचा स्वेटर? लोकर गरम असते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. साठच्या स्पीडचा वारा ती हवा धुऊन नेतो. जाळीतून पाणी जावं तसा वारा आरपार. दोन स्वेटर म्हणजे दोन जाळ्या.

आणि बोटंच का गारठतात? शरीराचा हिशोब पक्का असतो. छाती-पोट थंड व्हायला लागलं की शरीर हातापायांच्या कातडीकडे जाणारं रक्त कमी करतं आणि ऊब आतल्या मोठ्या मंडळींसाठी, म्हणजे हृदय, फुप्फुसं, लिव्हर यांच्यासाठी राखून ठेवतं. थोडक्यात लोडशेडिंग. आधी खेड्यांची वीज जाते, मग शहराची. बोटं म्हणजे खेडी. म्हणून नुसते जाड हातमोजे घालून भागत नाही. आत गरम रक्तच येत नसेल तर हातमोजा कशाची ऊब धरून ठेवणार? हे वाचलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. छाती गरम ठेवली तर बोटं वाचतात!

इथे नोव्हेंबर २०२४ मध्ये एंट्री झाली जाकिटाची. माझा मावसभाऊ मिनियापोलिसला असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने स्वतःचं वापरलेलं, आत घालायचं गरम होणारं जाकीट पप्पांसाठी आणलं. पातळ, गादीसारखं शिवलेलं, छाती-पाठ-बाही-कॉलर सगळीकडे आतून वायरचं जाळं. खाली एक पिन लोंबकळते, ती बाइकच्या बॅटरीला जोडायची. लेबलवर १२ व्होल्ट, ७५ वॅट.

घरात ते कपाटात ठेवायचं की देवघरात, अशी चर्चा झाली. पप्पा म्हणाले, "कॉलेजची पोरगी आहे ना घरात, तीच बघेल." कॉलेजच्या पोरीने बॅटरीच्या दोन टोकांना दोन वायरी लावल्या, मध्ये एक फ्यूज टाकला आणि जानेवारी २०२५ मधल्या एका पहाटे ट्रायल म्हणून स्वतःच बाइक घेऊन निघाली. (पप्पांना सांगून. मम्मीला न सांगून.)

खरं सांगू? पहिली पंधरा मिनिटं स्वर्ग! पाठीवर कोणीतरी नुकता इस्त्री केलेला शर्ट घातल्यासारखं. ओझरला टपरी दिसली, थांबले, चहा घेतला. इंजिन बंद केलं, जाकीट मात्र चालूच ठेवलं, कारण ऊब सोडवेना. एक चहाचे दोन झाले, एक मैत्रीण भेटली, गप्पा झाल्या. अर्ध्या तासाने बटण दाबलं तर टिक. नुसतं टिक. मग तेही नाही. किक मारून मारून पाय गेला. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-सिक्स बाइकसारखा आमच्या बाइकलाही कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन आहे. पंप, सेन्सर, ईसीयू सगळ्यांना वीज लागते, बॅटरी पूर्ण मेली की किकसुद्धा बिचारी काय करणार. शेवटी एका पिकअपवाल्या काकांनी त्यांच्या बॅटरीवरून स्टार्ट करून दिली. ते जाकिटाची वायर बघत म्हणाले, "ताई, तुम्हाला ग्लुकोज लावलंय का?"

चूक जाकिटाची नव्हती, बाइकचीही नव्हती. चूक थर्ड इयर इलेक्ट्रिकलच्या त्या विद्यार्थिनीची होती जिने कॅम्पसमध्ये ओहमच्या नियमावर टी-शर्ट घालून फिरायचं, पण घरच्या बाइकवर तो लावायचा नाही. हिशोब बघा. ७५ भागिले १२ म्हणजे सव्वासहा अँपिअर. बॅटरी चार अँपिअर-अवरची. कागदावरसुद्धा चाळीस मिनिटं टिकत नाही आणि इतक्या जोरात ओढली की छोटी बॅटरी कागदावरचं बोलणं पाळतही नाही. शिवाय जाकीट म्हणजे शुद्ध रेझिस्टन्स. १२ चा वर्ग भागिले ७५, म्हणजे साधारण १.९ ओहम. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट असतात. म्हणजे तेच जाकीट तेव्हा ७५ नाही, जवळजवळ ९५ वॅट खातं. म्हणून लेबलवर नुसते वॅट बघू नका, ते किती व्होल्टला लिहिलेत ते बघा.

आता मुख्य प्रश्न. बाइककडे देण्यासारखं आहे किती? परदेशात हे कपडे सर्रास चालतात कारण तिथल्या टूरिंग बाइकचे अल्टरनेटर तगडे असतात. बीएमडब्ल्यूची २००४ साली आलेली आर १२०० जीएस शेकडो वॅट द्यायची. तिच्यासमोर एक जाकीट म्हणजे किरकोळ. आपली कम्युटर बाइक मात्र हातावर पोट असलेली. तिची वीज दिवा, हॉर्न, इंडिकेटर, इंजेक्शन यांनाच पुरवून ठेवलेली असते. पूर्वी दिवा बंद ठेवून काहीतरी वाचवता यायचं. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर पेटलेलाच राहतो. (चांगलंच आहे. त्या ट्रॉलीलाही असा नियम असता तर!) आणि आयडलिंगला अल्टरनेटर अगदीच कमी देतो, तेव्हा सिग्नलला थांबलात की जाकीट चालतं ते बॅटरीच्या पैशावर.

म्हणून माझं पहिलं मत, आणि हे कोणालाही न दुखावता सांगते: जाकीट निवडायच्या आधी मल्टिमीटर विकत घ्या. बाइक चालू करा, थोडा रेस द्या, सगळे दिवे लावा, गरम कपडा जोडा आणि बॅटरीचे व्होल्ट बघा. साडेतेराच्या आसपास राहिले तर झेपतंय. साडेबाराच्या खाली घसरत चालले तर तुम्ही बॅटरी खाताय. आमच्या बाइकवर जाकीट फुल ठेवलं तर काटा घसरत जातो. एक-तृतीयांशावर ठेवलं तर चालत्या बाइकवर तो जागेवर राहतो, थांबल्यावर मात्र खाली येतो. हे सगळ्या बाइकना लागू होईल असं नाही, आपापलं मोजा.

एक-तृतीयांश कसं करायचं? रेझिस्टन्स लावून नाही, तो वीज नुसती जाळतो. कंट्रोलर मिळतो, तो ठरावीक काळ चालू, ठरावीक काळ बंद असं करतो. पीडब्ल्यूएम, आपण लॅबमध्ये मोटरचा स्पीड बदलायला करतो तेच. यात एक खोच आहे, व्हायव्हाला विचारतील. सरासरी अँपिअर एक-तृतीयांश झाले तरी चालू असतानाचा करंट पूर्णच असतो. त्यामुळे वायर आणि फ्यूज सरासरीवर नाही, पूर्ण करंटवर निवडायचा. आम्ही दहा अँपिअरचा फ्यूज बॅटरीला अगदी चिकटून लावला. दूर लावला तर बॅटरी ते फ्यूजमधली वायर उघडी पडते आणि ती टाकीखाली घासली की खेळ खलास. इंडिकेटरच्या वायरीतून टॅप मारायचा मोह आवरा. ती वायर एवढ्या लोडसाठी नसते. आणि मध्ये रिले हवा, जो किल्ली बंद केली की जाकीटही बंद करेल. हा रिले जानेवारीत असता तर माझी ओझरची कथाच झाली नसती.

या कपड्यांचा इतिहास शोधत बसले तेव्हा (सबमिशनच्या आदल्या रात्री, अर्थातच) दोन गोष्टी सापडल्या आणि त्यातली दुसरी मला फार आवडली.

पहिली दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं पंचवीस हजार फुटांवरून जायची, आत हवा बाहेरच्याइतकीच गार, उणे चाळीसच्या आसपास. बाजूच्या खिडकीतल्या गनरसमोर तर उघडा वारा. त्यांना विजेवर गरम होणारे सूट दिले होते. पण सुरुवातीच्या सूटचं वायरिंग सिरीजमध्ये! म्हणजे जुन्या दिवाळीच्या माळेसारखं, एका हातमोज्यात वायर तुटली की अख्खा सूट थंड. पुढच्या सूटमध्ये ते पॅरललला नेलं. फर्स्ट इयरला सिरीज-पॅरललच्या गणितात आपण चार मार्क सोडून देतो, तिथे त्या चार मार्कांवर माणसांची बोटं गेली.

दुसरी गोष्ट अशी की बाइकवाल्यांचे हे गरम कपडे काही शौकीन टूरिंगवाल्यांसाठी सुरू झाले नव्हते. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात गॉर्डन गर्बिंग नावाच्या गृहस्थांचं मशिनिंगचं वर्कशॉप होतं. त्यांचे कामगार थंडीत बाइकवरून कामाला यायचे आणि गारठून जायचे. त्यांच्यासाठी काहीतरी करावं म्हणून सुरुवात झाली आणि पुढे त्याचीच कंपनी झाली. वाचलं आणि मी थांबलेच. वर्कशॉपचा कामगार, थंडी, बाइक. म्हणजे ही वस्तू मुळात माझ्या पप्पांसाठीच बनली होती! ती आपल्याकडे येता येता स्पितीला जाणाऱ्यांची आणि फोटो काढणाऱ्यांची झाली. सातपूर-अंबडच्या गेटवर हिवाळ्यात पावणेसातला उभे राहा. हेल्मेट काढायच्या आधी हात काखेत घालून उभी असलेली माणसं मोजा. त्यातल्या कितीजणांनी "हीटेड गिअर" हा शब्द ऐकलाय? आणि ज्यांनी ऐकलाय त्यांना वाटतं, ते आपलं काम नव्हे.

आमच्या निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवतात, पहाटे बागेला पाणी सोडतात. मणी तडकू नये म्हणून माणसं रात्रभर जागतात. करायलाच हवं, वर्षाचं पीक आहे. पण त्याच शेकोटीसमोरून पावणेसहाला पप्पा गाडीला किक मारून निघतात तेव्हा त्यांना कोणी म्हणत नाही की तुमचीही काहीतरी सोय करू. ते स्वतःही म्हणत नाहीत.

पण थांबा. मी इथे सगळ्यांना जाकीट घ्या असं सांगत नाहीये. खरं तर उलटं सांगतेय. तापवायच्या आधी वारा अडवा. बिनवाऱ्याचं थोडं गरम हे वाऱ्यातल्या खूप गरमपेक्षा भारी पडतं. बसल्या बसल्या माणसाचं शरीर स्वतःच शंभर वॅटच्या आसपास ऊब तयार करत असतं. ती फुकटची शंभर वॅट आपण वाऱ्यावर सोडतो आणि मग दहा वॅट विकत घेतो! आजी सांगते, आजोबा पहाटे सायकलवर दूध घालायला जायचे तेव्हा सदऱ्याच्या आत पोटाशी कालचा पेपर घालायचे. आम्ही हसायचो. फ्रान्समधल्या सायकल शर्यतीत घाट उतरताना रायडर जर्सीत पेपर कोंबायचे ते कळलं तेव्हा हसणं बंद झालं. साधा रेनकोटचा वरचा भाग स्वेटरवरून घाला. एका सकाळीत फरक कळेल. स्वेटर तोच, फक्त जाळीला झाकण लागलं.

मग हात. आम्ही पिंपळगावला सीटकव्हर शिवणाऱ्या काकांकडून रेक्झिनचे, आतून जुन्या ब्लँकेटचं अस्तर लावलेले दोन मोठे खोळ शिवून घेतले, हँडलवर चढवायचे. २२० रुपये जोडी. उत्तर भारतात थंडीत स्कूटरवर असे दिसतात, आपल्याकडे लोक लाजतात. पहिली जोडी फसली. स्पीडला वारा खोळीला दाबायचा, खोळ ब्रेकच्या लिव्हरला, आणि मागचा लाल दिवा कायम पेटलेला! मागून येणाऱ्याला काय कळणार मी खरंच कधी ब्रेक मारते ते. दुसऱ्या जोडीत आत जाड तारेची कमान घातली, म्हणजे रेक्झिन लिव्हरपासून लांब राहतं. आणि तोंड मोठं ठेवलं. पडताना हात सटकन बाहेर यायलाच हवा, याबाबतीत तडजोड नाही.

विजेवर हात गरम करायचे तर दोन वाटा. हँडलच्या गरम ग्रिप तळव्याला ऊब देतात, पण वारा लागतो बोटांच्या मागच्या बाजूला. त्यामुळे खोळीशिवाय नुसत्या ग्रिप म्हणजे एका बाजूने भाजलेली पोळी. दुसरी वाट बॅटरीचे हातमोजे. त्यात बहुतेक ७.४ व्होल्टचा लिथियम पॅक असतो. समजा २२०० मिलिअँपिअर-अवर, तर झाले सोळा वॅट-अवर. एका हाताला आठ वॅट धरले तर दोन तास. विकणारा आठ तास म्हणाला तर विचारा, कोणत्या सेटिंगला? पॉवरबँकवर चालणारी बंडी असते, तिचंही असंच. यूएसबीचे पाच व्होल्ट आणि दोन अँपिअर म्हणजे दहा वॅट. दहा हजारचा पॉवरबँक तीनेक तास चालवेल. दहा वॅट कमी वाटतात, पण वारा अडवलेल्या जाकिटाच्या आत, अंगाला घट्ट बसलेल्या बंडीत ते जाणवतात. आणि बाइकच्या बॅटरीला हातही लावावा लागत नाही! मेसवर-हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हीच घ्यावी असं माझं मत. एकच अट, सैल घेऊ नका. ऊब अंगाला टेकली पाहिजे, हवेला नाही. आणि सगळ्यात आत सुती बनियन घालून घामाघूम होऊ नका, ओलं सुती कापड थंडीत शत्रू. आणि गारठल्यावर नाही, निघतानाच चालू करा. खेड्यांची वीज एकदा गेली की परत यायला वेळ लागतो.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती. पप्पांना आठ वर्षांपासून शुगर आहे. डॉक्टर तपासणीला पायाला टाचणी लावून विचारतात, कळतंय का? पप्पा हो म्हणतात, जरा उशिरा म्हणतात. अशा माणसाच्या कातडीला गरम वायर लावायची? १९४७ साली मॉरित्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी कातडी किती तापमानाला किती वेळात भाजते ते मोजलं होतं. ४४ अंशसुद्धा, सलग सहा तास राहिले तर भाजतं. तापमान वाढेल तसा वेळ झपाट्याने कमी होत जातो. ४४ अंश म्हणजे काही चटका नाही, आंघोळीचं कडक पाणी. धडधाकट माणसाला आधीच चुरचुरतं, तो स्विच कमी करतो. ज्याला चुरचुरणं कळतच नाही त्याने काय करायचं? गारठून बधिर झालेल्या निरोगी हातालाही तेच लागू. मी जाकीट पप्पांना तसंच घालायला दिलं असतं तर! मायेने भाजलं असतं मी त्यांना.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हातापायांना काही गरम लावू नका, छातीला चालेल, पण मध्ये कापड हवं आणि कमीवर. म्हणून आता क्रम असा आहे: आत पूर्ण बाह्यांचं थर्मल, त्यावर जाकीट एक-तृतीयांशावर, त्यावर एकच स्वेटर, सगळ्यात वर रेनकोट. बाह्यांमधल्या वायरी मी कनेक्टरपाशी काढून टाकल्या (पॅरलल असल्याने बाकीचं चालू राहतं, आणि वॅटही वाचले). हाताला फक्त खोळ आणि साधे हातमोजे. रात्री पप्पांची पाठ मम्मी बघते, कुठे लाल झालंय का. पहिल्या आठवड्यात मम्मी याला "तुझं प्रॅक्टिकल" म्हणायची.

हे सगळं मी मिनी प्रोजेक्टला देणार होते. खोळ, कंट्रोलर, कमी व्होल्ट झाले की आपोआप बंद करणारं सर्किट. उत्तर आलं, "यात इंजिनिअरिंग कुठे आहे? हे तर शिवणकाम आहे." मग आमच्या ग्रुपने रेषेवरून चालणारा रोबो केला. दरवर्षी करतात तोच. पांढऱ्या चार्टपेपरवर काळी पट्टी चिकटवली, तो छान चालला, चांगले मार्क पडले. त्या पट्टीच्या टोकाला कोणाचं सातपूर नव्हतं.

आणि छातीत दम लागतो म्हणणाऱ्या त्या मित्रासाठी: डिसेंबरमध्ये एकदा पहाटे पिंपळगावहून निघ, आडगावला थांब आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून शर्टाचं एक बटण लावून दाखव. फक्त एक. जमलं तर मी पुढच्या अंकात पावसावर लिहीन.

पप्पा आता द्वारकाचा सिग्नल लागला की डाव्या अंगठ्याने स्विच बंद करतात. हँडलवर मी छोटा व्होल्टमीटर बसवलाय, त्याच्याकडे ते पेट्रोलच्या काट्यापेक्षा जास्त बघतात. कामावरच्या लोकांनी पहिले दोन दिवस चिडवलं, तिसऱ्या दिवशी एकाने खोळीत हात घालून बघितला. जाकीट कोणी मागितलं नाही, पण खोळीच्या सात जोड्यांची ऑर्डर आलीये. सीटकव्हरवाले काका म्हणतात, वेगवेगळ्या गाड्या आहेत, तारेची कमान किती वाकवायची ते कागदावर काढून द्या. आज रात्री ते काढायला बसणार आहे. फर्स्ट अँगल प्रोजेक्शन त्यांना समजेल का, हे मात्र फोन करून विचारायला हवं.